कुर्बानीचे गोश्त टिकवण्यासाठी व्हॅक्यूम सीलर : घ्यावा काय, आणि कोणता घ्यावा?

बकरी ईद जवळ आली की सातारा, कराड, सांगली, मिरज या भागात एक प्रश्न घरोघरी निघतो. पिशवीतील हवा ओढून तिचे तोंड बंद करणारे जे यंत्र बाजारात ‘व्हॅक्यूम सीलर’ नावाने मिळते, ते घरासाठी घ्यावे काय? काही तरुण पुढे जाऊन विचारतात की, या यंत्रावर ईदच्या दिवसांत छोटा धंदा करता येईल काय? दोन्ही प्रश्नांत पैसा गुंतलेला आहे, शिवाय घरातील माणसांची तब्येतही गुंतलेली आहे. म्हणून आम्ही या लेखात यंत्राची निवड कशी करावी ते क्रमाने मांडत आहोत.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, ही यंत्रे शिकारी लोकांच्या घरी फार चालतात. एक हरीण मारले की कित्येक महिन्यांचे मांस एकाच दिवशी घरात येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीस बंदी आहे. कोयना आणि चांदोलीचे जंगल तर २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. परवानगीशिवाय रानातला ससा मारून आणणे हासुद्धा गुन्हा आहे. तेव्हा यंत्राच्या माहितीपुस्तिकेत जेथे शिकारीचे मांस लिहिले असेल, तेथे आपण कुर्बानीचा बकरा समजावा. अडचण सारखीच आहे. एकाच दिवशी पुष्कळ गोश्त घरात येते आणि ते पुढे महिनोन्महिने पुरवून खायचे असते.

पूर्वी आपल्या घरातील वडीलधारी माणसे गोश्ताच्या पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून दोरीवर वाळवत असत. आता घरोघरी फ्रिज आला आणि ती पद्धत मागे पडली.

आधी हिशेब

समजा, आटपाडीच्या बाजारातून ३५ किलो वजनाचा बकरा आणला. हाडासह गोश्त साधारण १६ किलो निघते. रीतीप्रमाणे तीन वाटे केले तर घरचा वाटा सव्वापाच किलोच्या आसपास येतो. अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटे केली तर दहा-अकरा पाकिटे होतात.

आता यंत्र सहा हजार रुपयांचे धरू आणि ते पाच वर्षे चालेल असे मानू. फक्त ईदलाच वापरले तर पाच वर्षांत ५५ पाकिटे होतील. म्हणजे पिशवीची किंमत सोडून एका पाकिटामागे शंभराहून अधिक रुपये खर्च आला. हा व्यवहार तोट्याचा आहे. हेच यंत्र पाच भावाबहिणींच्या घरांनी मिळून घेतले तर पाच वर्षांत २७५ पाकिटे होतात आणि खर्च पाकिटामागे बावीस रुपयांवर येतो. ज्यांच्या घरी दर आठवड्याला मटण, कोंबडी किंवा कोकणातून मासळी येते आणि ती साठवली जाते, त्यांना यंत्र परवडते. इतरांनी सामायिक घ्यावे, किंवा घेऊच नये.

आणखी एक गोष्ट. टंचाईच्या एका वर्षी कुर्बानीचे गोश्त तीन दिवसांपेक्षा अधिक ठेवण्यास मनाई झाली होती आणि पुढे ती उठवली गेली, हे हदीसमधून आपणा सर्वांना ठाऊक आहे. गरजूंपर्यंत गोश्त पोहोचावे हे त्या मनाईचे कारण होते. म्हणून यंत्राचे माप वाटप झाल्यावर उरलेल्या वाट्यावर ठरवावे. यंत्र घरात आहे म्हणून वाटप कमी झाले, असे होऊ नये.

यंत्र काय करते

फ्रीझरमध्ये गोश्ताचे दोन प्रकारे नुकसान होते. त्यातील पाणी बर्फ होऊन हळूहळू हवेत उडून जाते, त्यामुळे बोट्यांवर पांढरट कोरडे डाग पडतात आणि त्या चिवट होतात. दुसरे म्हणजे हवेतील प्राणवायूमुळे चरबीला खवट वास येतो. पिशवीतील हवा काढली आणि पिशवी गोश्ताला घट्ट चिकटली की ही दोन्ही नुकसाने कमी होतात.

परंतु यंत्र जंतू मारत नाही. काही घातक जंतू असे आहेत की ते हवा नसलेल्या जागीच वाढतात आणि विष तयार करतात. बोटुलिझम नावाचा जीवघेणा आजार अशाच जंतूंमुळे होतो. त्यामुळे पिशवी सील झाली म्हणून गोश्त ओट्यावर, टोपलीत किंवा प्रवासात तसेच ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. गोश्ताचे सडणे थंडीमुळे थांबते. उणे १८ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते, मात्र ते मरत नाहीत. बर्फ सुटला की ते पुन्हा वाढू लागतात.

म्हणून आमचे सांगणे असे की, खरेदीचा क्रम आधी फ्रीझर, मग पिशवी आणि शेवटी यंत्र असा असावा. बहुतेक लोक नेमके उलट करतात.

फ्रीझर

फ्रिजवर चिकटवलेले तारे पाहून फसू नये. ते विजेच्या बचतीचे तारे आहेत. आत किती थंडी होते हे त्यावरून कळत नाही. एका दाराच्या जुन्या फ्रिजमधील बर्फाचा लहान कप्पा बऱ्याचदा उणे १८ पर्यंत जातच नाही. फ्रिजमध्ये ठेवण्याचा साधा थर्मामीटर थोडक्या रुपयांत मिळतो. तो रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून सकाळी पाहावा. आकडा उणे १८ च्या जवळ नसेल तर गोश्त आठवडा-दोन आठवड्यांत संपवावे. अशा घराने यंत्रावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

दुसरे, फ्रीझरमध्ये एकदम किती माल भरता येतो यालाही मर्यादा आहे. २८ लिटर जागेमागे एका दिवसात एक ते सव्वा किलोपेक्षा जास्त ताजे गोश्त गोठवायला ठेवू नये. दोन दारांच्या फ्रिजचा फ्रीझर ७० लिटरचा असेल तर दिवसाला अडीच ते तीन किलो पुरे. जास्त कोंबले तर मधली पाकिटे दोन-दोन दिवस गोठत नाहीत आणि आधीचा मालही नरम पडतो.

पिशवी

पाकीट टिकण्याचा अर्धा भाग पिशवीवर असतो. साधी पॉलिथिन पिशवी हवा पूर्ण अडवत नाही. व्हॅक्यूमसाठीची पिशवी दोन पदरी असते. बाहेरचा नायलॉनचा पदर हवा अडवतो आणि आतला पॉलिथिनचा पदर उष्णतेने वितळून तोंड बंद करतो. घेताना ती नायलॉन-पॉलिथिनची आहे काय आणि जाडी किती मायक्रॉन आहे ते विचारावे. हाडाच्या गोश्तासाठी ९० ते १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी घेऊ नये.

घरगुती यंत्राला एका बाजूने खरबरीत, नक्षीदार पिशवीच लागते, कारण त्या नक्षीच्या खोबणींतून हवा बाहेर जाते. गुळगुळीत पिशवी स्वस्त पडते, पण ती घरगुती यंत्रात चालत नाही. म्हणून यंत्र घेण्याआधीच नक्षीदार पिशव्या किंवा रोल आपल्या गावात, निदान सांगली, सातारा किंवा कोल्हापुरात नेहमी मिळतात काय याची खात्री करावी. पिशवी मिळाली नाही तर यंत्र कपाटात पडून राहते. कच्च्या गोश्ताची पिशवी धुऊन पुन्हा वापरू नये.

यंत्राचे दोन प्रकार

पहिला प्रकार बाहेरून हवा ओढणारा. पिशवीचे फक्त तोंड यंत्रात अडकवायचे आणि झाकण दाबायचे. हे यंत्र लहान, हलके आणि कमी किमतीचे असते. त्याची अडचण ओलाव्याची आहे. गोश्ताचे पाणी वर ओढले जाते, सीलच्या जागी येते आणि तोंड नीट चिकटत नाही.

दुसरा प्रकार पेटीचा, म्हणजे चेंबरचा. संपूर्ण पिशवी पेटीत ठेवून झाकण लावतात. आत-बाहेर दोन्हीकडील हवा एकदम निघते, म्हणून रस्साही पॅक करता येतो आणि गुळगुळीत स्वस्त पिशवी चालते. परंतु हे यंत्र जड असते आणि कित्येक पटींनी महाग पडते. ते दुकान, हॉटेल आणि केटरिंगवाल्यांच्या कामाचे आहे.

घरासाठी पहिला प्रकार घेताना पुढील गोष्टी दुकानातच तपासाव्यात.

१) ‘ओले’ आणि ‘कोरडे’ अशी वेगळी बटणे असावीत. ओल्या मालासाठी यंत्र सीलची तार जास्त वेळ तापवते.

२) हवा ओढणे थांबवून लगेच सील करण्याचे वेगळे बटण असावे. खिमा किंवा कलेजी जास्त दाबली जाऊ नये म्हणून ते लागते.

३) सीलची पट्टी रुंद असावी. दोन समांतर पट्ट्या पडत असतील तर अधिक चांगले.

४) गळून आलेले पाणी साठवणारी खोबण बाहेर काढून धुता यावी. ती निघत नसेल तर आत गोश्ताचे पाणी कुजते.

५) झाकणाची रबर पट्टी आणि सीलच्या तारेवरची टेफ्लॉन पट्टी सुटी मिळते काय, हे विचारावे. आधी खराब होतात त्या याच दोन वस्तू.

६) दोन पाकिटांमध्ये यंत्राला किती विश्रांती द्यावी लागते, ते पुस्तिकेत पाहावे.

७) पक्की पावती घ्यावी आणि दुरुस्ती आपल्या जिल्ह्यात होते काय, हे लिहून घ्यावे.

डब्यावर छापलेल्या ओढीच्या मोठ्या आकड्यांवर जाऊ नये. साधी परीक्षा करावी. दुकानात थोडी चण्याची डाळ पिशवीत भरून सील करून घ्यावी आणि पाकीट घरी आणून एक दिवस ठेवावे. दुसऱ्या दिवशीही ते विटेसारखे कडक असेल तर सील चांगले आहे. सैल पडले तर यंत्र किंवा पिशवी यांपैकी एक कच्चे आहे. खेड्यात विजेचा दाब कमी असतो तेथे तार पुरेशी तापत नाही, म्हणून ही परीक्षा घरच्या विजेवरही एकदा करावी.

भरण्याची रीत

जबह केल्याबरोबर गरम गोश्त पिशवीत भरून गोठवू नये. स्नायू आखडण्याआधी गोश्त गोठले तर ते शिजवताना चिवट लागते. शिवाय गरम पाकिटाचा मधला भाग फार उशिरा थंड होतो. मोठे तुकडे पसरट थाळ्यांत एका थराने मांडून, झाकून, फ्रिजच्या खालच्या भागात बारा ते चोवीस तास ठेवावेत. तेथे तापमान ४ अंशांच्या आत हवे. गोश्त उन्हात किंवा खोलीत ‘सुकत’ ठेवू नये. २०२५ ची ईद ७ जूनला झाली. चांद्रवर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे येते, म्हणजे पुढील काही वर्षे ही ईद मे आणि एप्रिलच्या कडक उन्हात येणार आहे. माण, खटाव, जत, आटपाडीच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी बोट्या कोरड्या पुसून तास-दीड तास फ्रीझरमध्ये उघड्या ठेवाव्यात. वरून किंचित गोठल्या की मग पिशवीत भराव्यात. पाणी वर येत नाही आणि सील पक्के बसते. पिशवीचे तोंड बाहेर दुमडून मग भरावे, म्हणजे सीलच्या जागी चरबी लागत नाही. वर तीन-चार बोटे जागा मोकळी सोडावी. पाकीट चपटे, एक-दीड इंच जाडीचे करावे. ते लवकर गोठते आणि लवकर सुटते.

हाडाची विशेष काळजी घ्यावी. आमच्या घरी पहिल्या वर्षी दहा पाकिटे मोठ्या हौसेने केली. चौथ्या दिवशी पाहिले तर तीन पाकिटांत हवा शिरली होती. नळीच्या हाडांची टोके पिशवीतून आरपार गेली होती. दोष यंत्राला देता येत नव्हता. तेव्हापासून आम्ही नळी आणि चाप यांच्या टोकांवर जाड बटर पेपरची घडी ठेवतो, किंवा हाडाचा माल वेगळा करून तो आधी संपवतो.

प्रत्येक पाकिटावर तारीख, वजन आणि प्रकार लिहावा. विक्रेते दोन-तीन वर्षे टिकेल असे सांगतात. आमचा सल्ला असा की बोट्या सहा महिन्यांत, आणि खिमा व कलेजी तीन महिन्यांत संपवावी. वापरताना पाकीट रात्री फ्रिजच्या खालच्या भागात काढून ठेवावे. घाई असेल तर बंद पाकीट थंड पाण्यात बुडवावे आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. पाकीट उघडल्यावर गोश्त काळपट-जांभळे दिसले तर घाबरू नये. हवा लागताच थोड्या वेळात रंग परततो. मात्र वास गेला नाही किंवा हाताला चिकट लागले तर टाकून द्यावे.

ज्यांना यंत्र घ्यायचे नाही त्यांनी जाड झिपच्या पिशवीत गोश्त भरावे, थोडे तोंड उघडे ठेवून पिशवी पाण्याच्या बादलीत हळूहळू बुडवावी. पाण्याच्या दाबाने हवा निघून जाते. तोंड पाण्याच्या वर असतानाच झिप लावावी. दोन-तीन महिन्यांच्या साठ्याला एवढे पुरते आणि खर्च फक्त पिशवीचा.

वीज गेली तर

सांगलीकरांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. त्याच पुरात १२ ऑगस्टला बकरी ईद आली. २०२१ मध्ये ईद २१ जुलैला झाली. लगेच अतिवृष्टी झाली, पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या आणि कृष्णेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. म्हणजे तीन वर्षांत दोनदा ईद आणि पूर एकाच आठवड्यात आले. पुरात वीज नसते, आणि वीज नसेल तर कोणतेही व्हॅक्यूम पाकीट गोश्त वाचवू शकत नाही.

भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. वीज आल्यावर पाकिटात अजून बर्फाचे कण असतील तर ते पुन्हा गोठवता येते, चव मात्र उतरते. पूर्ण सुटून कोमट झालेले पाकीट टाकावे. पुराच्या पाण्यात बुडालेले पाकीट सीलबंद असले तरी वापरू नये. नदीकाठच्या घरांनी पावसाळ्यात येणाऱ्या ईदला साठा कमी आणि वाटप जास्त ठेवणे हेच शहाणपणाचे आहे. वीज जाण्याची चिन्हे दिसताच गोश्त शिजवून शेजारीपाजारी वाटून टाकावे.

धंदा म्हणून

ज्या तरुणांना ईदच्या तीन दिवसांत पॅकिंगचे काम करायचे आहे, त्यांनी हा हिशेब पाहावा. समजा ६०० पाकिटांचे काम मिळाले. म्हणजे दिवसाला २००. घरगुती यंत्राला विश्रांती धरून एका पाकिटाला दोन मिनिटे लागली तर रोज सहा तास चाळीस मिनिटे यंत्र सतत चालवावे लागेल. ते या कामासाठी बनलेले नाही आणि ऐन ईदला बंद पडण्याची शक्यता मोठी. लोकांचे गोश्त उन्हात पडून राहील आणि नाव कायमचे जाईल.

पेटीचे यंत्र चाळीस हजारांचे धरले आणि वर्षाला ६०० पाकिटेच केली तर पाच वर्षांत पाकिटामागे यंत्राचाच खर्च तेरा रुपयांवर जातो. पिशवी आणि मजुरी वेगळी. पण ज्याचे मटणाचे दुकान आहे आणि जो वर्षातले ३०० दिवस रोज २० पाकिटेही करतो, त्याचा हा खर्च सव्वा रुपयावर येतो. निष्कर्ष असा की, हा ईदपुरता धंदा नाही. चालत्या दुकानाला, खानावळीला किंवा केटरिंगला जोडून केला तरच तो फायद्याचा आहे.

पॅक केलेले गोश्त विकायचे असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा परवाना लागतो. पाकिटावर मालाचे नाव, मांसाहाराची तपकिरी त्रिकोणाची खूण, निव्वळ वजन, तारखा, साठवण्याची सूचना, पत्ता आणि परवाना क्रमांक असावा लागतो. सातारा आणि सांगली येथील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करून मगच यंत्राचे पैसे भरावेत. जनावर व माल कोठून घेतला त्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

थोडक्यात, या ईदपूर्वी प्रथम शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर आणून आपला फ्रीझर तपासा. तो पास झाला तर चांगली पिशवी शोधा. दोन्ही जमले आणि भाऊबंद सामील झाले, तर सहा-आठ हजारांचे यंत्र सर्वांच्या नावाने घ्या. ते कोणाच्या घरी राहील आणि पिशव्यांचा खर्च कोणी किती द्यायचा, हेही त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. सामायिक वस्तूवरून नाती बिघडू नयेत, ही काळजीही खरेदीचाच भाग आहे.